कोठीतली पेटी

पेटी हा शब्द आमच्या घरात आजवर दोनच वस्तूंना लावला जात असे. एक माजघरातली पत्र्याची पेटी. तिच्यात आजीची पैठणी, जमिनीचे जुने उर्दू कागद आणि डांबराच्या गोळ्या वर्षानुवर्षे एकत्र नांदत आल्या आहेत. दुसरी बैठकीतली बाजाची पेटी. या दुसऱ्या पेटीला आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षे दाराबाहेर उभे केले होते. तिचे बांधलेले सूर आपल्या रागसंगीताच्या श्रुतींना मानवत नाहीत, असा तिच्यावर आक्षेप होता. घरोघरीच्या भजनांना आणि गणपतीतल्या मेळ्यांना मात्र तो आक्षेप कधी ऐकू गेला नाही. असो. गेल्या पावसाळ्यात या दोघींच्या जोडीला तिसरी पेटी आमच्या घरात आली. तिच्यात काही ठेवायचे नव्हते आणि ती स्वतः वाजवायचीही नव्हती. ती करायची होती.

त्याचे असे झाले. माझ्या भाच्याने स्वतःच्या कमाईतून एक जुनी मोटार घेतली. गाडी बरी निघाली, पण तिच्यातल्या गाण्याने त्याचे समाधान होईना. "मामा, यात वरचे सगळे ऐकू येते, खालचे काहीच नाही," अशी त्याची तक्रार. दारांत बसवलेले तळहाताएवढे ध्वनिक्षेपक झांजा आणि सारंगी चोख ऐकवीत. डग्ग्याची घुमक मात्र पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखी वाजे. यावर आजकालची मुले जो उपाय करतात त्याचे नाव सबवूफर. नाव अवघड असले तरी वस्तू सोपी आहे. सुमारे दर सेकंदाला ८० आवर्तनांच्या खाली जे नाद असतात, तेवढेच वाजवणारा हा एक मोठा, जाड पडद्याचा ध्वनिक्षेपक. तो नुसता वाजत नाही. त्याला लाकडाची बंद पेटी लागते, आणि ती पेटी घरीच करायची, असा भाच्याचा हट्ट होता.

घरात अर्थातच दोन तट पडले. रस्त्याने धबधब करीत जाणाऱ्या आणि खिडक्यांच्या काचा हलवणाऱ्या गाड्या सर्वांच्या परिचयाच्या. आमच्या घरातूनही तसली एक गाडी निघावी, हे कोणालाच रुचण्यासारखे नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आत्याने तर स्पष्टच विचारले, "बाळ, एवढा आवाज कोणाला ऐकवायचा आहे तुला?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला पुढे पेटी करतानाच सापडले, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

कोठीत राहणाऱ्याला असल्या कामासाठी फार हिंडावे लागत नाही. ब्रिटिश रेसिडेंटाच्या ज्या वाड्यावरून या वस्तीला कोठी हे नाव पडले, तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय होते, आणि आज तेथे महिला विद्यापीठ आहे. त्या वाड्यापासून जवळच, जेथे आपल्या वाडवडिलांनी १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीची पायवाट मळवली, तेथे आज तारा, दिवे, नळ आणि खिळेमोळे यांचे राज्य आहे. ट्रूप बाजारात घराच्या पायापासून छतापर्यंत लागणारे सामान मिळते. आणि गुजराती गल्लीत ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक आणि त्यांची सर्व गोतावळ. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या दुकानांतली दोन गाणी मध्येच एकमेकांत मिसळतात. निजामाच्या काळात, १९३५ पासून सरकारी झालेल्या दख्खन रेडिओवर उर्दू, तेलुगू आणि कन्नडबरोबर मराठीही लागत असे. रेडिओची एखादी काच गेली की ती शोधायला याच बाजूला यावे लागे, असे वडील सांगत.

तयार पेट्याही गल्लीत मिळतात. बाहेरून काळे गालिच्याचे कापड, आत काय ते देव जाणे. आम्ही एक-दोन पेट्यांवर बोटाने टकटक केली तर त्या रिकाम्या डब्यासारख्या वाजल्या. तेवढ्यात दुकानाच्या फळीवर बसलेले एक म्हातारे मिस्त्री हसून म्हणाले, "साब, ये पेटी खुद बजती. पेटी बजना नक्को." दख्खनी बोलीतला हा 'नक्को' आपल्याच 'नको'चा भाऊ, हे वाचकांना सांगायला नकोच. मिस्त्री तीस-पस्तीस वर्षे असल्या पेट्या करीत आले होते. पेटी वाजता कामा नये, हे त्यांचे वाक्य ऐकून आम्ही तयार पेटीचा विचार सोडला आणि त्यांच्याच हाताखाली काम करायचे ठरवले.

आधी पेटी लागते कशासाठी, हे पाहू. ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी त्याच्या पाठीमागची हवा विरळ होते. म्हणजे एकच पडदा एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध नाद काढीत असतो. उंच सुरांच्या लहरी आखूड असतात, त्यामुळे मागचा नाद वळसा घालून पुढे येईपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते. पण ४० आवर्तनांच्या नादाची लहर साडेआठ मीटर लांब असते. तिच्यापुढे एक फुटाच्या पडद्याचा अडसर तो काय! मागची विरळ हवा क्षणात पुढच्या दाबलेल्या हवेला येऊन मिळते, आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. हाती घेतलेला उघडा सबवूफर कितीही जोराने वाजवा, पडदा बोटभर मागेपुढे होताना दिसेल आणि ऐकू जवळजवळ काहीच येणार नाही. पेटीचे पहिले काम एवढेच, की मागचा नाद मागेच कोंडून ठेवायचा.

दुसरे काम अधिक नाजूक आहे. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी लहान तर स्प्रिंग ताठ, मोठी तर सैल. १९५४ साली एडगर व्हिल्चर या अमेरिकन गृहस्थाने नेमका याच गोष्टीचा फायदा घेतला. पडद्याची स्वतःची ताण धरणारी कड मुद्दाम सैल ठेवायची आणि त्याला आवरण्याचे काम बंद पेटीतल्या हवेकडे सोपवायचे, अशी त्याची युक्ती. तोवर चांगल्या खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागे. त्याने ती पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी केली. यापूर्वी, १९३२ साली, बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास याला दुसऱ्या प्रकारच्या पेटीचे एकस्व मिळाले होते. त्या पेटीला एक नळी असते. घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक सुरात घुमते, हे आपण लहानपणी सर्वांनीच केले आहे. त्या घुमण्याचे शास्त्र जर्मन पंडित हेल्महोल्ट्झ याने १८६३ च्या आपल्या ग्रंथात मांडले. थुरासने तीच घुमणारी घागर ध्वनिक्षेपकाच्या पाठीशी उभी केली, म्हणजे मागचा नाद वाया न जाता नळीतून उलटून पुढच्याला साथ देतो.

नळीची पेटी जोराने वाजते, परंतु माप जरा चुकले की एकाच सुरावर अडून बसते. सगळी गाणी मग त्या एका सुरात धब्ब धब्ब करू लागतात. रस्त्यावरच्या गाड्यांतून आपल्याला ऐकू येते ते पुष्कळदा हेच. बंद पेटी तेवढी दांडगी नसते, पण ऐकलेले सरळ सांगते. शिवाय मोटारीत तिला एक नैसर्गिक मदत मिळते. गाडीच्या आतली जागा जेमतेम पावणेतीन मीटर लांब. साठेक आवर्तनांच्या खालच्या नादांची अर्धी लहरसुद्धा तीत मावत नाही. त्यामुळे खिडक्या बंद असल्या की आतली सगळी हवा एकदमच दाबली आणि सैलावली जाते, आणि बंद पेटीचा खाली उतरत जाणारा नाद गाडी स्वतःच वर उचलून धरते. आम्ही बंद पेटी पसंत केली. भाच्याला नळीचा मोह होता; पण "पहिली पेटी साधी असू दे," असे मी म्हटले, आणि त्याने ते मानले.

आता मापे. ध्वनिक्षेपकाबरोबर एक कागद येतो, त्यावर त्याची जन्मपत्रिकाच छापलेली असते. ही पत्रिका मांडण्याची रीत ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील याने १९६१ साली दाखवली. तो लेख अमेरिकेतील ध्वनितंत्रज्ञांच्या नियतकालिकात १९७१ साली पुन्हा छापला गेला, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे गेले. त्यानंतर लवकरच रिचर्ड स्मॉल याने बंद पेटीचे गणितही पुरे करून दिले. या दोघांमुळे पेटी हा अंदाजाचा प्रकार राहिला नाही. आमचा ध्वनिक्षेपक बारा इंची. मोकळ्या हवेत तो सेकंदाला २८ आवर्तनांवर स्वभावतः डोलतो. त्याच्या पडद्याचा सैलपणा ६० लिटर हवेच्या स्प्रिंगइतका. त्याचा तोल सांगणारा आकडा ०.४२. या ध्वनिक्षेपकाला ३३ लिटर हवेत कोंडले की डोलण्याची जागा २८ वरून ४७ वर येते आणि तोलाचा आकडा ०.७ होतो. ०.७ हा आकडा चांगला, कारण तेथे नाद कोठेही फुगत नाही आणि लवकर ढासळतही नाही. आकडा १ च्या वर गेला की पेटी गुरगुरू लागते.

म्हणजे आत ३३ लिटर मोकळी हवा हवी. ध्वनिक्षेपकाचे चुंबक पेटीत अडीच लिटर जागा अडवते आणि आतल्या आधाराची पट्टी पाऊणएक लिटर, ती वेगळी. एकूण ३६ लिटर. येथे पुष्कळांची फसगत होते ती फळीच्या जाडीने. आमची पेटी बाहेरून ४६ सेंटिमीटर रुंद, ३६ उंच आणि ३० खोल. गुणाकार केला तर जवळजवळ ५० लिटर येतात. पण फळी १८ मिलिमीटर जाड, आणि ती दोन्ही बाजूंना असते; म्हणून आतले माप ४२.४, ३२.४ आणि २६.४, आणि गुणाकार ३६ लिटरांवर येतो. मधले साडेतेरा लिटर लाकडाने खाल्ले. वाण्याकडच्या मापट्याप्रमाणे पेटीचे मापही आतूनच मोजायचे असते.

मिस्त्रींनी कागदावर सहा तुकडे काढून दिले. पुढची आणि मागची फळी पूर्ण, म्हणजे ४६ गुणिले ३६ ची, अशा दोन. वरची आणि खालची ४६ गुणिले २६.४, अशा दोन. बाजूच्या ३२.४ गुणिले २६.४, याही दोन. फळी कशाची, याचाही विचार झाला. सागवान दिसायला सुंदर, पण ते ऋतूप्रमाणे फुगते-आकसते आणि सांधे सोडते. शिवाय त्याला स्वतःचा आवाज असतो. भुशाचा लगदा दाबून केलेल्या एम. डी. एफ. फळीला ना रेषा, ना गाठ, ना गोड आवाज. बोट आपटले तर 'थप' एवढेच म्हणते. मिस्त्री म्हणाले, "गूँगी लकड़ी होना." मुके लाकूड हवे. सहा फळ्यांचे वजन मिळून दहा किलो भरले.

कापण्याचे काम एका रविवारी सकाळी मिस्त्रींच्या वखारीत झाले. लांब सरळ छेद त्यांनी गोल करवतीच्या यंत्रावर घेतले. प्रत्येक जोडीतल्या दोन फळ्या एकाच मापाला, यंत्राची पट्टी न हलवता, लागोपाठ कापायच्या, हा त्यांचा दंडक. पट्टी पुन्हा लावली की केसाएवढा फरक पडतोच, आणि तो केस पुढे सांध्यात फट होऊन बसतो. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून पाहिला. भाचा घाई करू लागला की ते नुसते "हल्लू, हल्लू" म्हणत, आणि हा दख्खनी 'हल्लू' आपल्या 'हळू'पेक्षाही हळू वाटे.

ध्वनिक्षेपकाचे भोक २८ सेंटिमीटर व्यासाचे. एवढा कंपास कोठून आणणार? मिस्त्रींनी लाकडाची एक पट्टी घेतली, एका टोकाला खिळा ठोकला, बरोबर १४ सेंटिमीटरांवर पेन्सिल खोवली, आणि वर्तुळ काढले. मग वर्तुळाच्या आत एक भोक पाडून त्यातून जिगसॉचे बारीक पाते घातले आणि भाच्याच्या हाती यंत्र दिले. रेषेच्या आतून कापायचे आणि उरलेला दोरा कानशीने काढायचा. भोक लहान झाले तर वाढवता येते. मोठे झाले तर फळीच नवी आणावी लागते. एम. डी. एफ. चा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्याला बांधणाऱ्या डिंकात फॉर्माल्डिहाइड असते. लाकडाची धूळ आणि फॉर्माल्डिहाइड या दोन्हींची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. म्हणून तिघांनीही नाकातोंडाला मुखपट्टी बांधली होती. मिस्त्री पूर्वी बांधीत नसत, हेही त्यांनीच सांगितले.

जोडण्याचे काम दुपारी. फळीच्या कडेत सरळ स्क्रू घुसवला तर एम. डी. एफ. पापुद्र्यासारखी फाटते, म्हणून आधी बारीक गिरमिटाने वाट करायची आणि मगच स्क्रू फिरवायचा. खरे धरणारा तो स्क्रू नव्हेच. धरतो तो डिंक. फळीची कड त्याला तहानलेली असल्यासारखी पिते, म्हणून कडेला एकदा पातळ हात देऊन तो मुरू द्यायचा आणि मग दुसरा हात. खालची फळी, दोन बाजू, मग मागची, मग वरची, अशा क्रमाने पेटी उभी राहिली. मधोमध, चुंबकाला वाट ठेवून, समोरासमोरच्या भिंतींना धरणारी एक आडवी पट्टी घातली. शिकंजे आवळले तेव्हा प्रत्येक सांध्यातून डिंकाची एक पांढरी ओळ बाहेर आली. अखंड ओळ आली म्हणजे आत कोठे कोरडी जागा राहिली नाही. पुढची फळी लावण्याआधी आतल्या सगळ्या कोपऱ्यांतून सिलिकॉनची एक वात फिरवली, तारा बाहेर काढण्याची चकती बसवून तिच्याभोवतीही तेच केले, आणि पेटी रात्रभर शिकंज्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मऊ कृत्रिम कापूस आत पसरून ध्वनिक्षेपक बसवला आणि परीक्षा घेतली. परीक्षा दोन. पहिली, पडदा तळहाताने अलगद आत दाबून सोडायचा. पेटी फुटकी असेल तर तो पटकन जागेवर येतो. घट्ट असेल तर जरा रेंगाळत, जणू उसासा टाकीत येतो. दुसरी परीक्षा मिस्त्रींची स्वतःची. तीस आवर्तनांचा सलग नाद लावायचा आणि प्रत्येक सांध्याजवळून उदबत्ती फिरवायची. कोठे सुईएवढी फट असली तरी धुराची सरळ रेघ तेथे थरथरते. "हवा जाना नक्को, साब. चींटी के जाने की बी जगा नै होना." उदबत्ती पेटीला पूर्ण प्रदक्षिणा घालून आली आणि धूर कोठे हलला नाही. भाच्याने मग पेटीच्या पाठीवर हात ठेवला. आत पडदा जोराने हलत होता. फळी मात्र गप्प होती.

मला त्या क्षणी घरातला तंबोरा आठवला. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूच्या शेतांत पिकतो, मिरजेला जाऊन त्याचे वाद्य होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या भोपळ्याचे सारे मोल त्याच्या बोलण्यात आहे. तार बारीक, तिचा स्वतःचा आवाज क्षीण. लाकूड आणि भोपळा तिला आपला आवाज देतात. एका भोपळ्यासारखा दुसरा बोलत नाही, आणि म्हणून कारागीर भोपळा निवडताना त्यावर टिचक्या मारून बघतो. आमच्या पेटीचे सगळे उलट. येथे गाणारा गाऊन गेलेला आहे, वाजवणारा वाजवून गेलेला आहे. पेटीने त्यात स्वतःचे एक अक्षरही घालायचे नाही. मुके लाकूड, आडवी पट्टी, डिंक, सिलिकॉन, उदबत्ती हा सगळा खटाटोप तिला गप्प ठेवण्यासाठी. तंबोरा कमी बोलला तर वाईट, पेटी जराशी बोलली तरी वाईट. आत्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे होते. चांगली पेटी आवाज वाढवण्यासाठी नसतेच. जे आधीच आहे ते बिघडवू नये म्हणून असते.

पण आवाज वाढवणारी खुंटी मिस्त्रींच्या हाती नसते, ती गाडीवाल्याच्या हाती असते. याची किंमत मिस्त्रींनी स्वतः मोजली आहे. तीस वर्षे गिऱ्हाइकांना पेट्या वाजवून दाखवताना ते पेटीशेजारीच उभे राहत. आता त्यांना उंच सूर ऐकू येत नाहीत. नातीचे बोलणे कळते, पण 'स' आणि 'श' यांतला फरक कळत नाही. कोठीतल्याच सरकारी कान-नाक-घसा रुग्णालयात त्यांनी तपासून घेतले. गेलेले परत येणार नाही, आहे तेवढे सांभाळा, असे त्यांना सांगण्यात आले. म्हणून ते हल्ली पेटी कानाने पारखीत नाहीत, हाताने पारखतात. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. पण भाचा ऐकून बराच वेळ काही बोलला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की ८० डेसिबलचा नाद मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तास ऐकला तर चालेल. त्यापुढे दर ३ डेसिबलांना ही मुदत निम्मी होत जाते. ८३ ला २० तास, ८६ ला १०. आणि ९८ ला सगळ्या आठवड्यात मिळून चाळीस मिनिटेसुद्धा नाहीत. खालच्या नादांत आणखी एक गोम आहे. आपला कान त्यांच्या बाबतीत जात्याच मंद. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले. म्हणून ऐकणाऱ्याला सदा वाटते, 'अजून थोडे हवे'. तो खुंटी पिळतो, आणि बरोबरीने वरचे सूरही चढतात. हे नाद भिंतीही जुमानत नाहीत. गाडीतल्याला गाणे ऐकू येते. वरच्या मजल्यावरच्या आजारी माणसाला त्यातली फक्त धडधड पोचते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, आणि रुग्णालयांच्या शंभर मीटरांच्या आत शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद केली. कोठीत रुग्णालयांची कमतरता नाही. पण नियमांच्याही आधी शेजारधर्म नावाची एक वस्तू आपल्या आळ्यांत होती, आणि तिला मोजपट्टी लागत नसे.

पेटी गाडीत बसवताना दोन गोष्टींची हयगय करू नये. ध्वनिक्षेपकासह आमच्या पेटीचे वजन सोळा किलो झाले. गाडी अचानक थांबली तर मोकळी पेटी तोफेच्या गोळ्यासारखी पुढे येईल. म्हणून ती डिकीच्या तळाला लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट लावून आवळली. दुसरे, बॅटरीपासून येणाऱ्या जाड तारेवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, फ्यूज हवाच. बारा व्होल्टांवर तीनशे वॉट म्हणजे निदान पंचवीस अँपिअर. अशी तार पत्र्याला घासून उघडी पडली तर गाडी पेटायला वेळ लागत नाही.

सगळे झाल्यावर ऐकायचे काय, हा प्रश्न आला. भाच्याजवळ त्याच्या आवडीचे बरेच काही होते. पण आत्याने घरातली एक जुनी ध्वनिफीत काढून दिली. १९८३ च्या गणपतीत माझे वडील, म्हणजे आत्याचे दादा, घरच्या बैठकीत गायले होते, तिची. भाच्याने ती आधीच आपल्या यंत्रांत उतरवून घेतली होती. वडील काळी एकमध्ये गात. त्यांच्या षड्जाची आवर्तने सुमारे १३९, आणि तंबोऱ्याच्या चौथ्या, खर्जाच्या तारेची त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९. गाडीच्या दारातल्या ध्वनिक्षेपकांना ही ६९ आवर्तने धड पेलत नव्हती. कान हुशार असतो, तो वरच्या स्वरांवरून खालचा स्वर ओळखून घेतो. म्हणून आजवर आम्हांला काही उणे वाटले नव्हते.

गाडी दारात उभी केली, काचा वर चढवल्या, आत्याला पुढच्या आसनावर बसवले. खुंटी अगदी हलक्या हाताने फिरवली. तंबोरा सुरू झाला आणि चौथी तार छेडली गेली तेव्हा ती कानाआधी पाठीला कळली. गाडीबाहेर उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना काही ऐकू येत नव्हते, ते काचेतून आमच्या तोंडांकडे बघत होते. आत्या डोळे मिटून दोन मिनिटे ऐकत राहिली. मला वाटले, आता हिचे डोळे भरून येणार. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "दादाचा खर्ज उतरलेला आहे रे. चाळीस वर्षांत कोणी बोलले नाही!"

आम्ही पुन्हा ऐकले. खरेच, खर्जाची तार सुताएवढी खाली होती. पेटीने काही घातले नव्हते आणि काही झाकलेही नव्हते. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते मनापासून हसले. आजवर त्यांच्या कामाला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी, असे त्यांनी धरले असावे. त्यांनी फक्त दोन दिवसांची मजुरी घेतली. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. भाचा मात्र अधूनमधून रविवारी वखारीत जातो आणि यंत्राची पट्टी न हलवता जोडीच्या फळ्या कापायला शिकतो.

घरातले दोन तट अजून पुरते मिटलेले नाहीत. रात्री दहानंतर आणि रुग्णालयापाशी खुंटी शून्यावर, एवढा करार झाला आहे आणि तो पाळला जातो. आवाजाबद्दल आता कोणी कुरकुर करीत नाही. तक्रार आहे ती एवढीच, की डिकीतली पाव जागा पेटीने अडवल्यामुळे मोंढ्यातून आणलेली भाजी मागच्या आसनावर, माणसांच्या मांडीवर ठेवून आणावी लागते.